मोटार बंद आहे

मी नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात काम करते. आम्ही शेतातल्या मोटारींसाठी मोबाईलवर चालणारी पेटी बनवतो. शेतकरी तिला नुसतं ‘ऑटो’ म्हणतात. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, विहिरीवर स्टार्टरच्या शेजारी ठोकलेली. तिच्यात एक सिमकार्ड, एक बारकी बॅटरी आणि नखाएवढी एक चिप. घरी बसून मोबाईलवरून ‘बंद’ पाठवलं की मोटार बंद होते आणि उलट निरोप येतो, ‘मोटार बंद आहे’. मोटार चालू असताना लाईट गेली आणि परत आली, तर पेटी थोडा वेळ थांबून आपणहून मोटार चालू करते. दिवसा आणि रात्री पाळीने येणाऱ्या लाईटच्या मागे शेतात पळणाऱ्या माणसाला याचं किती सुख असतं ते शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्यालाच कळेल. मी तशा घरातली आहे. देवळाली प्रवरेला आमचा ऊस आहे. वडिलांच्या विहिरीवर, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मी स्वतः जाऊन पेटी बसवली होती. आप्पा आल्यागेल्याला मोबाईल दाखवून सांगायचे, ‘ही आमच्या पोरीची मोटार.’

त्या चिपने काय करायचं ते सांगणारा कोड सांभाळणं हे माझं काम. तो सी भाषेत होता, माझ्या आधीच्या इंजिनिअरने लिहिलेला. तो पुण्याला गेला आणि कोड माझ्याकडे आला. चालत होता, म्हणून मी त्याला फारसं खोलात जाऊन पाहिलं नव्हतं. चालणाऱ्या गोष्टीला कोण हात लावतं.

मग पारनेर तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. राळेगणसिद्धीच्या बाजूला त्यांची डाळिंबाची बाग. बाई म्हणाल्या, बंद केलेली मोटार आपोआप चालू होते. आमचे सर, म्हणजे कारखान्याचे मालक, त्यांच्याशी नीट बोलले. कुणाचा तरी चुकून फोन लागला असेल, पोरांनी मोबाईलशी खेळ केला असेल, असं त्यांनी समजावलं. पुढच्या आठवड्यात बाईंचा परत फोन आला. या वेळी सरांनी मला सांगितलं, जाऊन बघून ये, पेटीत मुंग्या शिरल्या असतील. हे खरंच होतं, आमच्याकडे परत येणाऱ्या निम्म्या पेट्यांत मुंग्यांची वारुळं निघतात.

मी स्कूटीवर गेले. उन्हाळा लागला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळ पिवळा पडला होता. विहीर बागेच्या वरच्या अंगाला होती, जुनी, दगडी बांधणीची. पाणी खाली गेल्यामुळे मोटार विहिरीत अर्ध्यावर काढलेल्या कट्ट्यावर बसवलेली होती, आणि तिथवर जायला भिंतीत लोखंडी पायऱ्या होत्या. स्टार्टर आणि आमची पेटी वर, कडेच्या पत्र्याच्या खोपटात. शेतकरी चाळिशीचा असेल, हसतमुख. मोटार चालू होती आणि पंपाच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून पाणी गळत होतं. तो म्हणाला, तुम्ही पेटी बघा, तोवर मी खाली जाऊन ग्लँड आवळून येतो. खिशातून मोबाईल काढून त्याने ‘बंद’ पाठवलं. मोटारीचा आवाज थांबला. त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरला. ‘मोटार बंद आहे.’

‘फ्यूज काढून ठेवू का?’ मी विचारलं.

‘कशाला, बंदच हाय की. तुमालाबी लाईट लागंल ना पेटी बघायला.’

खांद्यावर टॉवेल, हातात पाना, असा तो उतरला.

मी पेटीचं झाकण उघडलं. आत मुंग्या नव्हत्या. एकही नाही. पेटी इतकी स्वच्छ होती की आता सरांना काय सांगायचं असा विचार मी करत होते. तेवढ्यात पेटीवरचे दिवे क्षणभर गेले आणि परत लागले. माळावरच्या लाईनला हे नेहमीचं, दिवसातून कितीदा तरी लाईट डोळा मिचकावते. मी काही मनावर घेतलं नाही. मग हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

तो हिरवा दिवा कधी लुकलुकतो हे मला ठाऊक होतं. लाईट परत आली आहे, मी थोडं थांबून मोटार चालू करणार आहे, असं पेटी सांगत असते. पण मोटार बंद केलेली होती. मी स्वतः निरोप पाहिला होता. मी त्या दिव्याकडे बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, हे शक्य नाही. माझा हात हलला नाही. विहिरीतून पाना दगडावर टेकवल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून ओरडणं फुटलं, वर या, हात काढा, आणि त्याच वेळी पेटीत टक् असा आवाज झाला.

मी स्टार्टरचं लाल बटण दाबलं. अंगठ्याने नाही, सगळ्या तळहाताने. मोटार सुरू होऊन घरघरली होती, ती थांबली. नंतर विहिरीत काहीच आवाज नव्हता. कडेपर्यंतचं ते चार पावलांचं अंतर मी कसं गेले ते मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की आता जे दिसेल ते जन्मभर डोळ्यांपुढे राहणार, असं वाटत होतं.

तो कट्ट्याच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. टॉवेल मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगला गुंडाळून पार दोरीसारखा पिळला गेला होता. माझ्या ओरडण्याने तो मान वर करून सरकला होता, म्हणून टॉवेल गेला आणि हात वाचला. दोन बोटांची सालं निघाली होती. तो आपल्या बोटांकडे बघत होता, बोटं उघडत होता, मिटत होता.

बागेतून त्याची बायको पळत आली. माझ्या ओरडण्यानेच आली असेल. तो आपल्या पायांनी वर चढून आला. त्याला खाली बसवून, पाणी देऊन, बोटं धुऊन झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

‘मी फोनवर सांगितलंच हुतं,’ ती म्हणाली. ‘तुमी म्हनला, कुनाचा तरी फोन लागला आसंल.’

मी स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढले आणि तिच्या हातात दिले.

माझ्या डोक्यात आप्पा आले ते तेव्हाच. देवळालीला त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. मी त्यांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. परत लावला. परत तेच. मग आईला लावला.

आई घरीच होती. ती म्हणाली, ‘ते व्हय, हिरीवर गेलेत. कपलिंगची रबरं झिजलीत म्हनत हुते, ती बदलायला. शर्ट इथंच टाकून गेलेत खुंटीला, फोन त्यातच वाजतोय.’

‘मोटार बंद केलीय का?’

‘केली की. मोबाईलवरनं केली. बंद हाय आसा मेसेज आला, मग गेले.’

कपलिंगची रबरं बदलायची म्हणजे दोन्ही हात कपलिंगमध्ये घालावे लागतात. मी पारनेरच्या माळावर उभी होते आणि मधे सगळं नगर आणि राहुरी. मी आईला म्हणाले, आई, आत्ता विहिरीवर जा, त्यांना वर बोलाव. आईने विचारलं काय झालं. मी म्हणाले, काही विचारू नकोस, पळ. फोन बंद करू नकोस, हातात धर.

आमच्या घरापासून विहिरीपर्यंत जायला उसातून पायवाट आहे. आईचे गुडघे दुखतात. मला फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता, उसाची पानं अंगाला घासल्याचा खरखर आवाज येत होता, मधेच ती थांबायची आणि पुन्हा चालायची. मी तिला थांबू नकोस म्हणू शकत होते. म्हणाले नाही, कारण ती पडेल असं वाटत होतं.

एक गोष्ट मी तेव्हा करू शकत होते. आप्पांच्या पेटीत माझ्या ऑफिसच्या फोनचा नंबरही घातलेला आहे. मी तिथूनच ‘बंद’ पाठवू शकत होते. दुसऱ्या खिशात माझा ऑफिसचा फोन होता, मी तो काढला, निरोप लिहिला, आणि पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवून तशीच उभी राहिले. समोरच्या माणसाने हाच निरोप पाठवला होता. त्यालाही उत्तर आलं होतं. पेटीत काय बिघडलं आहे हे मला माहीत नव्हतं. माझा निरोप मोटार बंद ठेवील की कसल्या तरी वाटेने तीच चालू करील, हे सांगता येत नव्हतं. ज्या कोडवर माझं पोट चालतं, त्यातल्या एका शब्दावरही माझा विश्वास उरला नव्हता. मी अंगठा काढून घेतला.

मग आईचा आवाज आला, फोनपासून लांब, विहिरीत तोंड करून. ‘आहो, वर या. पोरगी बोलावतीय.’ आणि खोलातून आप्पांचा वैतागलेला आवाज, ‘आता काय झालं? हात तेलात हायेत माजे.’

ते वर आले. मी त्यांना फ्यूज काढायला सांगितलं, काढल्यावर मोजून सांगायला लावलं. त्यांनी का म्हणून विचारलं तेव्हा मला रडू फुटलं आणि नीट सांगता आलं नाही. डाळिंबवाल्या बाईंनी मला हाताला धरून खोपटाच्या सावलीत बसवलं. ज्यांच्या घरात आमच्या पेटीने ते केलं होतं, त्याच बाईंनी मला पाणी दिलं.

संध्याकाळी नगरला येऊन मी सरांना सगळं सांगितलं. सर इलेक्ट्रिकचे जुने माणूस आहेत, मोटारी स्वतः हाताने गुंडाळत मोठे झालेले. टॉवेलचं ऐकल्यावर ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तुझं काही चुकलं तर नाही ना बघताना. त्यांनी फक्त विचारलं की अशा किती पेट्या शेतात असतील, आणि उत्तर त्यांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही सगळे फोनवर बसलो. विहिरीत उतरण्याआधी फ्यूज काढा, ऑटो बंद ठेवा, पुढचं कळवेपर्यंत पेटीवर भरवसा ठेवू नका. पुष्कळांनी ऐकलं. काही हसले. एकजण म्हणाला, ‘मॅडम, आमी हिरीत उतरतोच कवा, पोहायला?’ कुणी फोन उचलला नाही की मी त्या नावापुढे खूण करून पुन्हा पुन्हा लावायचे. मी त्या विहिरी पाहिलेल्या नव्हत्या, पण प्रत्येकीत एक कट्टा आणि कट्ट्यावर एक माणूस मला दिसायचा.

आणि मग ती चूक सापडेना.

आम्ही त्याच शेतावरची पेटी आणून टेबलावर लावली. दिवसभर तिला ‘चालू’, ‘बंद’ पाठवत राहिलो, लाईट घालवत आणि आणत राहिलो. ती शहाण्या मुलासारखी वागली. कोडमध्ये काय घडतंय ते बघावं म्हणून मी मधे मधे ओळी घातल्या, प्रत्येक पायरीला स्क्रीनवर काहीतरी छापणाऱ्या. त्यानेही काही दिसलं नाही. पुढे कळलं की माझ्या त्या ओळींमुळेच वेळेचं गणित हलत होतं आणि चूक आणखी आत दडत होती. तेव्हा हे ठाऊक नव्हतं, आणि भीती वाटायची ती याचीच. साप दिसला तर माणूस काठी शोधतो. इथे साप आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि घर झाडून काढलं तरी काही मिळत नव्हतं. घरी स्टॅबिलायझर टक् वाजला तरी मी उभी राहायचे. नवऱ्याने एकदा मिक्सर लावायच्या आधी मला सांगितलं, आता आवाज होईल हं. तेव्हा मला कळलं की हे त्याच्याही लक्षात आलं आहे.

शेवटी मी पेटी बाजूला ठेवली आणि कोड कागदावर छापून घेऊन वाचायला बसले. चालवायचा नाही, नुसता वाचायचा. असं वाचताना ती जागा दिसली.

सोपं करून सांगते. चिप एका वेळी एकच काम करते. तिचं मुख्य काम सतत फेऱ्या मारत असतं, विजेचे तिन्ही फेज आहेत का, पाणी आहे का, असं बघत. मधेच मोबाईलचा निरोप आला की चिप हातातलं काम होतं तिथे सोडते, निरोपाचं काम उरकते, आणि परत येऊन सोडलं तिथून पुढे चालू करते. याला इंटरप्ट म्हणतात. आता, ‘मोटार चालू ठेवायची आहे’, ‘फेज आहेत’, ‘पाणी आहे’ या सगळ्या खुणा कोडमध्ये एकाच छोट्या जागेत, एकाच पाटीवर लिहिल्यासारख्या ठेवलेल्या होत्या. मुख्य कामाला फेजची खूण बदलायची असली की ते अख्खी पाटी उचलायचं, आपली खूण बदलायचं आणि पाटी परत ठेवायचं. पाटी उचलली आणि ठेवली, याच्या मधल्या त्या फटीत ‘बंद’चा निरोप आला तर काय होईल? निरोपाचं काम जागेवर ‘चालू ठेवायची आहे’ ही खूण पुसणार, मोटार बंद करणार, ‘मोटार बंद आहे’ असं उत्तर पाठवणार. सगळं खरं. मग मुख्य काम परत येऊन आपल्या हातातली जुनी प्रत तिथे ठेवणार, आणि त्या प्रतीवर ‘चालू ठेवायची आहे’ ही खूण तशीच असणार.

मोटार थांबलेली, उत्तर गेलेलं, शेतकरी विहिरीत उतरलेला. आणि चिपच्या मनात मोटार अजून चालू ठेवायची होती. फक्त लाईटने एकदा डोळा मिचकावायचा अवकाश.

आमच्या टेबलावर हे का घडत नव्हतं तेही उलगडलं. एमआयडीसीची लाईट स्थिर, फेजची खूण बदलायची वेळच क्वचित यायची. पारनेरच्या माळावर फेज सारखे हलतात, मुख्य काम सारखी पाटी उचलत असतं. ती फट तिथे रोज उघडत होती.

दुरुस्ती अगदी थोडी होती. पाटी हातात असेपर्यंत कुणाला मधे येऊ द्यायचं नाही, एवढं सांगणाऱ्या दोन ओळी. मी त्या घातल्या. सरांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. म्हणाले, सुटलो. मी मात्र सुटले नव्हते. तोच कोड मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. जिथे मुख्य काम आणि निरोपाचं काम एकाच गोष्टीला हात लावतं अशा आणखी जागा निघाल्या. काही निरुपद्रवी होत्या. काहींबद्दल मला खात्री देता येईना. आणि सी भाषा यातल्या एकाही जागेबद्दल कधी काही बोलली नव्हती. ती तुम्ही लिहाल ते मान्य करते. दोघांना एकच पाटी द्या, ती देते.

मी सरांना म्हणाले की हा कोड मला रस्ट नावाच्या भाषेत नव्याने लिहायचा आहे. ती भाषा अशा वाटणीवर नजर ठेवते असं मी वाचलं होतं. सरांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, दोन ओळींत काम झालं असताना सगळं उकरून नव्या चुका कशाला आणायच्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, ‘सर, ही जागा सापडली. न सापडलेल्या जागांसाठी आपण कुणाकुणाच्या हातात फ्यूज देत बसणार?’

दुसऱ्या दिवशी आल्यावर सर म्हणाले, कर, पण जुन्या पेट्यांवर दोन ओळींची दुरुस्ती आधी गेली पाहिजे. ती आम्ही गावोगावी जाऊन घातली. माझ्या आप्पांच्या पेटीत मी सगळ्यांत आधी घातली, हे मी सरांपासून लपवलं नाही.

रस्ट शिकणं अवघड गेलं. सुरुवातीला मी काय केलं, जुन्या कोडची ती जागा, चूक होती तशीच, त्या भाषेत उतरवून पाहिली. मला बघायचंच होतं. तीच पाटी, एका बाजूने मुख्य काम, दुसऱ्या बाजूने निरोप. मी कंपायलर, म्हणजे कोड तपासून तो चिपसाठी तयार करणारा प्रोग्राम, चालवला. त्याने कोड घेतला नाही. लाल अक्षरांत लिहून दाखवलं की ही वस्तू अशी दोघांमध्ये सुरक्षितपणे वाटून देता येत नाही, आणि नेमक्या त्या ओळीखाली रेघ मारली.

दुपारची वेळ होती, बाहेर कॅन्टीनवाला चहाचे ग्लास विसळत होता. मी त्या रेघेकडे बघत बसले आणि मला आनंद झाला नाही. जी गोष्ट आम्हाला इतके दिवस सापडली नाही, ती एका यंत्राने पेटी न बघता, विहीर न बघता, दम घेण्याच्या आत सांगितली होती. म्हणजे ती सांगता येण्यासारखी होती. कुणीतरी विचारलं असतं तर.

पुढचे महिने ती भाषा मला नाही म्हणत राहिली. इथे नाही, असं नाही, आधी कुलूप घाल, मग हात लाव. वैताग यायचा. पण तो नकार वाचताना दर वेळी मला कट्ट्यावर सरकलेला तो माणूस दिसायचा, आणि मी मुकाट्याने ओळ बदलायचे. चिपच्या पायांना, म्हणजे तारा जोडतात त्या टोकांना, थेट हात लावावा लागतो अशा थोड्या जागा राहतातच, तिथे ती भाषाही तुमच्यावर सोडते. पण त्या जागा निदान तोंडाने ‘असुरक्षित’ असं लिहून वेगळ्या कराव्या लागतात. कुठे घाबरायचं ते तरी कळतं. आधी मी सगळ्याच कोडला घाबरत होते.

आणि काही गोष्टी कुठल्याच भाषेला कळत नाहीत. विहिरीत माणूस आहे हे चिपला कधीच कळणार नाही. म्हणून आम्ही पेटीवर एक चावी बसवली. ती फिरवून काढून घेतली की मोटारीकडे जाणारी तारच तुटते, मग कोड काहीही म्हणो. ती कल्पना सरांची.

नवी पेटी पहिल्यांदा कुठे लावायची यावर चर्चा झालीच नाही. मी पारनेरला गेले, सर सोबत आले. डाळिंबाच्या बागेला फुलं धरली होती. शेतकऱ्याने हसून बोटं दाखवली, एका नखाचा आकार वाकडा झाला होता. मी सगळ्यांना विहिरीपासून लांब बसवलं आणि दुपारभर एकच काम केलं. मोटार चालू करायची, फेज हलवत राहायचे, ‘बंद’ पाठवायचं, लाईट घालवायची, आणायची, आणि हिरव्या दिव्याकडे बघायचं. तो लुकलुकला नाही. सर म्हणाले, पुरे आता. मी आणखी केलं.

मग शेतकरी म्हणाला, पाण्यातल्या पाइपच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह बघायचा आहे, उतरतो. त्याने मोबाईलवरून मोटार बंद केली, चावी काढून खिशात घातली. तो उतरायला लागला तेव्हा बाई उठल्या, खोपटात गेल्या आणि स्टार्टरचे तिन्ही फ्यूज उपसून घेऊन आल्या. सर म्हणाले, ताई, आता त्याची गरज नाही, चावी काढली की तार तुटलेलीच असते.

‘आसू द्या,’ बाई म्हणाल्या, आणि फ्यूज पदरात धरून कडेला बसल्या.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खालून पाण्यात पाइप हलल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघी तिकडे कान देऊन होतो, आणि पत्र्याखाली सर एकटेच पेटीचं झाकण लावत होते.